मागच्या भिंतीवरची सोंड

मंगळवारी दुपारी माझी पत्नी वारली. मी तेव्हा दवाखान्याच्या खाली चहा पीत होतो. वर आलो तेव्हा नर्सने खुर्ची पुढे केली. मी बसलो.

त्यानंतरचं मला क्रमाने आठवत नाही. त्याआधीचं एक मात्र नीट आठवतं. त्याच आठवड्यात तिने पलंगावरून मला विचारलं होतं, "दिसलं का?" मी म्हणालो, नाही. तिला हसू आलं आणि ते वाढत गेलं. शेवटी हाताला लावलेली सलाइनची नळी हलली आणि नर्स आम्हा दोघांवर रागावली. आमच्या वयाच्या माणसांना दवाखान्यात हसल्याबद्दल सहसा कोणी रागावत नाही, म्हणून ते लक्षात राहिलं असावं.

काय दिसायचं होतं, ते सांगायला मागे जावं लागेल.

ती रेवदंड्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. मी अलिबागला एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. घर चौलला, नारळी-पोफळीच्या वाडीत. मी दिवसभर पुस्तकं लावून घरी यायचो आणि पुन्हा पुस्तक उघडून बसायचो. ती दिवसभर मुलांकडून फुलदाण्यांची चित्रं काढून घ्यायची आणि घरी आली की घराशी खेळायची. फुलदाण्यांचा तिला मनस्वी कंटाळा होता. तिला आवडायचं ते डोळ्यांना फसवणं. ती म्हणायची, डोळा हा घरातल्या सगळ्यांत भोळ्या माणसासारखा असतो, त्याला काहीही सांगा, तो आधी हो म्हणतो आणि मग विचार करतो.

आमच्या ओटीवरच्या भिंतीवर तिने एक खुंटी रंगवली होती. लाकडाच्या रेषा, खालची सावली, अगदी वर बसलेली थोडी धूळसुद्धा. खरी खुंटी शेजारीच होती, पण पाहुणे हमखास रंगवलेलीच निवडायचे, कारण ती जास्त मजबूत दिसायची. मुलीला बघायला मंडळी आली तेव्हा होणाऱ्या व्याह्यांनी त्या खुंटीला टोपी अडकवली. टोपी पडली. त्यांनी उचलून पुन्हा अडकवली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडल्यावर त्यांनी ती खिशात घातली आणि पावसापाण्याचं विचारलं. मी लाजेने अर्धा झालो होतो. मंडळी गेल्यावर ही म्हणाली, घर चांगलं आहे, मुलगी द्यायला हरकत नाही. दोनदा पडल्यावर भिंतीवर चिडणारी माणसंही तिने पाहिली होती.

ओटीच्या पायऱ्यांपुढे तिने जमिनीवर आणखी एक पायरी रंगवली होती. त्यामुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक जण शेवटच्या क्षणी पाय जरा जास्त उचलायचा, आणि घरात शिरताना तो नाटकातल्या राजासारखा दिसायचा. पोस्टमन तर इतका सरावला की पुढे ती पायरी पुसट झाली तरी तो पाय उचलतच राहिला.

एकदा तिने सुताराला एका स्टुलाचं चित्र दिलं. ते स्टूल कागदावर व्यवस्थित उभं होतं, पण नीट पाहिलं की लक्षात यायचं, पुढचा पाय मागच्या पायाच्या मागे गेला आहे. सुताराने चष्मा लावला, कागद जवळ धरला, लांब धरला.

"होईल," तो म्हणाला. "लाकूड जरा जास्त लागेल."

पंधरवड्याने तो कागद घेऊन परत आला. चेहरा उतरलेला. त्याने हलक्या आवाजात विचारलं की बाई, हे तुम्ही बसायला करून घेताय की नुसतं ठेवायला. तिने त्याला चहा दिला आणि खरं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, तरी मी तीन पायांपर्यंत आणलं होतं.

असं घर होतं. मी त्यात वाचत बसायचो.

निवृत्तीनंतर, एका वर्षी गणपतींचं विसर्जन झाल्यावर, तिने मागच्या पडवीत काम काढलं. परसाकडच्या भिंतीपासून सुरुवात केली. मग पडवीच्या लाकडी खांबावर गेली. मग सिमेंटच्या पाण्याच्या टाकीवर आणि शेवटी जोत्यावर. तपकिरी, निळे, पिवळे पट्टे. काही ताणलेले, काही मधेच तुटलेले, एक पट्टा भिंतीवर सुरू होऊन कशालाही न विचारता टाकीवर उगवलेला. भिंतीवर एक मोठा वळसा होता आणि टाकीवर दुसरा, लहान. तांब्याभर रंग सांडून त्यात मांजर फिरलं असतं तरी जवळपास असंच झालं असतं.

मी विचारलं, हे काय आहे. ती म्हणाली, चित्र. मी विचारलं, कशाचं. ती म्हणाली, ते एकाच जागेवरून कळतं, बाकी सगळीकडून हे असंच.

"कुठली जागा?"

"शोधा. तुम्ही वाचणारी माणसं."

मी दोन-चार ठिकाणी उभा राहून पाहिलं, काही दिसलं नाही, आणि मी पुन्हा आत गेलो. आपल्याकडे वेळ आहे असं वाटत होतं. दिवाळीत ती आजारी पडली आणि मार्गशीर्षात गेली.

पुढच्या वर्षी मुलीने पनवेलहून येऊन घरात होमस्टे सुरू करायचं ठरवलं. आमच्या पट्ट्यात आता दर दोन घरांआड पाटी आहे, त्यात नवल काही नाही. तिचा विचार शहाणपणाचा होता. मी एकटा, घर मोठं, शनिवार-रविवारी चार माणसं आली-गेली तर माझ्या घशातून आवाज तरी निघेल, असं ती म्हणाली. तिने मागच्या दोन खोल्या नीट करून घेतल्या, आत नवं न्हाणीघर आणि संडास बांधून घेतला. परसातला जुना संडास बंद झाला. त्यात नारळाची सोडणं आणि पंपाचा पाइप जाऊन पडला. आता मागची पडवी तेवढी राहिली होती. पाहुणे तिथे नाश्त्याला बसणार होते, आणि वर्षश्राद्ध झालं की रंगारी येणार होता.

भिंतीचा विषय तिने काळजीपूर्वक काढला. "बाबा, तुम्हाला यात काही दिसतं?"

मी म्हणालो, नाही.

"मलाही नाही," ती म्हणाली, आणि आम्ही दोघे पट्टे बघत बसलो. तिला वाईट वाटत होतं, हे कळत होतं. पण पाहुण्यांना पोहे देताना समोर हे, असं तिचं म्हणणं. ते मला खोडता येत नव्हतं. मी तिला सांगितलं की रंगारी यायच्या आत मला जागा सापडली तर ठीक, नाही सापडली तर रंग लाव. माझी हरकत नाही. खरं तर मला एवढंच हवं होतं की तिने काय काढलं होतं ते एकदा बघावं. मग भिंत गेली तरी चाललं असतं.

मी पद्धतशीर माणूस आहे. आधी वाचलं. अशा चित्रात तुकडे वेगवेगळ्या पृष्ठांवर, मागेपुढे काढलेले असतात आणि एकाच दृष्टिबिंदूवरून ते जुळतात. जुन्या चित्रकारांनी असे खेळ छतांवर आणि देवघरांतही केले आहेत. मग सगळीकडून पाहिलं. खुर्चीवर, खुर्चीवरच्या पाटावर, विहिरीच्या कठड्यावर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आडवा पडून. आडवा पडलो असताना दूधवाली आली. तिने दुधाचं भांडं माझ्या डोक्यापासून लांबून नेऊन ठेवलं आणि मुलीला फोन केला.

त्यानंतर मला सुतळीची युक्ती सुचली. भिंतीवरच्या पट्ट्याची कड आणि खांबावरच्या पट्ट्याची कड, ही एकच रेष असली पाहिजे. म्हणजे भिंतीवर खिळा मारायचा, सुतळी तिथून खांबाच्या कडेला टेकवून ताणायची आणि सरळ पुढे न्यायची. ती दृष्टिबिंदूतून जाणारच. अशा तीन सुतळ्या ओढल्या की त्या जिथे एकमेकींना भेटतील तिथे डोळा ठेवायचा. हे मला स्वतःला सुचलं याचा मला आनंद झाला. बऱ्याच महिन्यांनी कशाचा तरी झाला होता.

तिन्ही सुतळ्या परस ओलांडून जुन्या संडासाच्या दारावर येऊन अडल्या.

वाटेत संडास आहे, याची मला अडचण वाटली. मी शिडी लावली, सुतळ्या उचलल्या आणि कौलांवरून पलीकडे नेल्या. पलीकडे शेजाऱ्याची वाडी. तिथे त्या साधारण एका चिकूच्या झाडात शिरत होत्या. मी शेजाऱ्याची परवानगी घेतली आणि झाडावर चढलो. तिथून मला संडासाची कौलं उत्तम दिसत होती.

शेजारी माझ्याहून थोडे मोठे. आयुष्यभर वाडी केलेले. ते खाली उभे राहून वर बघत होते.

"सर, चिकू पायजेत तर मी काढून देतो की," ते म्हणाले. मी सांगितलं की चिकू नकोत, मी एक जागा शोधतो आहे. त्यांनी खाली पडलेला एक चिकू उचलून पुसला. मग म्हणाले, "बाई व्हत्या तवर तुमी जमिनीवर व्हते."

शिडी त्यांची होती. ती न्यायला ते संध्याकाळी आमच्या परसात आले, विहिरीपाशी थांबले आणि भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांनी चपला काढल्या.

"आवो, हा गनपती हाय," ते म्हणाले.

मी विहिरीपाशी जाऊन पाहिलं. आता कोणी म्हटल्यावर दिसत होतं खरं. भिंतीवरचा तो मोठा वळसा म्हणजे सोंड, वरचा पिवळा तुकडा म्हणजे कान. आमच्याकडे न कळणाऱ्या कुठल्याही आकारात एक वळसा सापडला की पुढचं आपोआप होतं. मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की हे तुकडे आहेत, यांचं चित्र वेगळंच काहीतरी आहे. ते म्हणाले, असंल, पन गनपतीबी हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीवर जास्वंदीचं फूल होतं. तिसऱ्या दिवशी उदबत्ती.

वर्षश्राद्धाच्या आधी आठवडाभर आक्का आल्या. आक्का म्हणजे हिची थोरली बहीण, पालीला दिलेली. बल्लाळेश्वराच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर घर. गणपतीच्या बाबतीत त्या कोणाचं ऐकून घेत नाहीत. त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आधी परसात जाऊन भिंत पाहिली, टाकी पाहिली, विहिरीपासून पाहिलं, पपईपासून पाहिलं, आणि आत येऊन बसल्या.

शेजाऱ्यांचं बरोबर आहे पण अर्धवट आहे, असं त्यांचं मत पडलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे भिंतीवरचा वळसा ही सोंडच नव्हे. तो नुसता भास. खरी सोंड टाकीवरची, लहान. आणि ती उजवीकडे वळते.

"उजव्या सोंडेचा आहे, भावोजी. फार कडक."

मी विचारलं, म्हणजे काय करायचं. त्या म्हणाल्या, पाळायचं. त्या दिवसापासून घरात कांदा-लसूण बंद झालं. मासळी बंद झाली. मुलगी पनवेलहून येते ती निम्मी बोंबलांसाठी येते; तिने फ्रीजमधला डबा शेजाऱ्यांकडे नेऊन दिला आणि परत आली तेव्हा तिच्या तोंडाला बोंबलांचा वास येत होता, ते आम्ही कोणी बोललो नाही. परसात चप्पल बंद झाली. दोरीवर कपडे वाळत घालायचे ते सोंडेच्या पाठीमागे.

खरी पंचाईत यापुढे होती. मुलगी म्हणाली, मावशी, सोमवारी रंगारी येतो आहे. आक्कांनी कानांवर हात ठेवले. देवावर कोणी रंग मारतं का? मग भिंत ठेवायची, असं मुलगी जरा थकून म्हणाली. तर तेही जमेना, कारण आक्कांच्या लक्षात आलं की देवाच्या बरोबर समोर संडास आहे. म्हणजे देव पुसता येत नव्हता आणि ठेवताही येत नव्हता. पुसला तर पाप, ठेवला तर विटाळ. मी आयुष्यात विरोधाभासावर बरंच वाचलं होतं, पण एखादा असा परसात उभा राहून जेवण बिघडवेल असं वाटलं नव्हतं.

तोडगा आक्कांनीच काढला. भिंत ठेवा, संडास पाडा. नाहीतरी तो बंदच होता. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी लगेच हो म्हणालो. भिंत वाचत होती, म्हणजे जागा शोधायला मला आणखी वेळ मिळत होता. मी मनातल्या मनात त्या सोंडेला नमस्कार केला. रंगाऱ्याऐवजी सोमवारी गवंडी बोलावला. पाडकाम सोपं होतं, अर्ध्या दिवसाचं. मी स्वतः सोडणं बाहेर काढून जागा मोकळी करून ठेवली, झाडूनही घेतली. पाडायच्या जागा कोणी झाडत नाही; पण मला दुसरं काही काम नव्हतं.

रविवारी सकाळी आक्कांचं पोट बिघडलं. कशाने ते कोणी काढलं नाही. आदल्या दिवशी श्राद्धाचे वडे झाले होते आणि बहिणीच्या आठवणीने त्यांनी ते जरा जास्त घेतले होते. आतल्या न्हाणीघरात मुलगी केस धूत होती. नवं संडास-न्हाणीघर एकत्र आहे, आणि पनवेलला राहणाऱ्या माणसांना केस धुवायला वेळ लागतो. आक्कांनी दार वाजवलं. आतून आवाज आला, पाच मिनिटं, मावशी. आक्कांच्या चेहऱ्यावरून कळलं की एवढा अवकाश नाही.

मी पडवीत वर्तमानपत्र वाचत होतो. आक्का माझ्या पुढून गेल्या. चपला घातल्या नव्हत्या. परसाच्या मधोमध थांबून त्यांनी सोंडेकडे पाहिलं, हात जोडले, मग पदर डोळ्यांवर ओढून घेतला आणि उलट्या पावलांनी चालत, एका हाताने हवा चाचपत त्या जुन्या संडासात शिरल्या. देवाला पाठ दाखवायची नाही आणि देवाकडे बघायचंही नाही, या दोन्ही गोष्टी त्यांनी सांभाळल्या. दार ओढलं. त्या दाराची कडी कित्येक वर्षांत नीट बसलेली नाही. ते वीतभर उघडं राहतं.

मी वर्तमानपत्र पुढे धरलं.

थोडा वेळ काही झालं नाही. मग त्या बाहेर आल्या. चेहऱ्यावर रंग नव्हता. त्या सावकाश चालत माझ्यापर्यंत आल्या आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. हात धुवायचे त्या विसरल्या होत्या, आणि आक्का ते कधी विसरत नाहीत.

"भावोजी," त्या म्हणाल्या. "ती तिथं उभी आहे."

मी विचारलं, कोण.

"दुसरं कोण? कमरेवर हात ठेवून उभी आहे आणि माझ्याकडे बघते आहे."

मी उठलो. परस ओलांडलं, आत गेलो, दार ओढून घेतलं आणि माझ्या नेहमीच्या जागेवर बसलो. वीतभर फटीतून पडवी दिसत होती. भिंत, खांब, टाकी, जोतं.

तिथे एक दार होतं. आमच्या घराला त्या जागी कधीच दार नव्हतं. तपकिरी चौकट, जुन्या घरांना असते तशी जाड, आणि चौकटीत ती. पिवळं लुगडं, निळा काठ. ते ती घरात कधी नेसत नसे, चित्रासाठी नेसली होती. एक हात कमरेवर. मान जराशी तिरकी, अजून किती वेळ, असं विचारताना व्हायची तशी. खांबावरचा पट्टा तिच्या खांद्याला येऊन मिळाला होता, जोत्यावरचे डाग म्हणजे तिची पावलं होती. ती भिंतीवर नव्हती. ती पडवीत उभी होती. मी मान दोन बोटं हलवली की ती मोडायची, परत आणली की पुन्हा उभी राहायची. मी मान बरेचदा हलवली.

मग चौकटीकडे लक्ष गेलं. तिची उजवी बाजू हिच्या पुढे होती आणि डावी बाजू हिच्या मागे. सुताराच्या स्टुलासारखंच. उजवीकडून बघत गेलं तर ती घरात चालली होती, पाठ फिरवायच्या आधी एकदा वळून बघत. डावीकडून बघत गेलं तर ती बाहेर परसात येत होती. दोन्ही बाजू एकदम बघितल्या की काहीच ठरत नव्हतं. मी ठरवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

तिथे बसून मला काही गोष्टी आठवल्या. ती ते चित्र काढत होती त्या दिवसांत सारखी संडासात जायची. कुंचला खाली ठेवायचा, परस ओलांडायचं, आत जायचं, लगेच बाहेर यायचं, पट्ट्याची कड बदलायची, पुन्हा आत. दुपारभर असं चालायचं. मला काळजी वाटली होती. मी तिला जिऱ्याचं पाणी करून दिलं होतं आणि अलिबागच्या डॉक्टरांकडे जाऊ या म्हणालो होतो. ती ते पाणी काहीही न बोलता, सगळं, माझ्यासमोर प्याली.

आणि चित्र झाल्यावर रोज सकाळी मी तिथून परत येताना ती स्वयंपाकघराच्या दारात चहा घेऊन उभी असायची, आणि माझा चेहरा निरखायची. मला वाटायचं, उतारवयात माणसं प्रेमळ होत असतील.

तिथला बल्ब उडालेला असायचा. म्हणून मी त्या फटीच्या उजेडात वाचायचो. रोज, बराच वेळ. त्या महिन्यांत मी जुन्या पत्रव्यवहाराचा एक जाड खंड वाचत होतो. तिने बरोबर माझ्या डोळ्यांची उंची धरली होती, बसलेली. आणि एका वाचणाऱ्या माणसाने कधीतरी मान वर करावी एवढीच अपेक्षा ठेवली होती. माणसांबद्दल तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

मी हसू लागलो. बाहेर आक्का बसल्या होत्या, त्यांना ते रडणं वाटलं आणि त्यांनी मुलीला हाक मारली. मुलगी ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून धावत आली आणि संडासाचं दार वाजवू लागली. बाबा, ठीक आहात ना, बाबा. मी दार उघडलं, तिला बसवलं आणि बाहेर येऊन दार वीतभर ठेवून ओढून घेतलं.

ती आत बराच वेळ होती. बाहेर आली तेव्हा टॉवेलने तोंड पुसत होती. म्हणाली, "आईने चपला नाही काढलेल्या."

मला चपला दिसल्याच नव्हत्या. मी पुन्हा जाऊन बघून आलो. होत्या.

आक्का अजून खुर्चीवरच होत्या. त्यांना एक गोष्ट छळत होती. त्यांनी मला विचारलं की टाकीवरची ती उजवी सोंड म्हणजे नक्की काय आहे. मी सांगितलं, तिचं कोपर.

"म्हणजे आठवडाभर मी धाकट्या बहिणीच्या कोपराला नमस्कार करत होते?"

मी म्हणालो, हो. आणि शेजारी तिच्या खांद्याला.

त्यांनी यावर विचार केला. मग म्हणाल्या, "लहानपणापासून ती माझ्याशी असंच वागली." हे त्या रागाने म्हणाल्या, पण नंतर दिवसभरात आणखी तीनदा संडासात गेल्या, आणि पोट तर दुपारीच थांबलं होतं.

सोमवारी गवंडी आला. आदल्या दिवशीच्या गडबडीत त्याला नको सांगायचं राहून गेलं होतं. तो पहार घेऊन थेट संडासाकडे निघाला. आक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या. ज्या जागेला आठवडाभर त्या विटाळ म्हणत होत्या, त्या जागेच्या उंबऱ्यात, सोवळ्यात. गवंडी माझ्याकडे बघू लागला. मी त्याला म्हणालो, एकदा आत बसून बघ. हे सांगणं त्याला विचित्र वाटलं असावं. पण आला होता, बसला. बाहेर येऊन त्याने पहार खांद्यावर टाकली आणि विचारलं, "मग आता काय तोडू?" काहीच नको, म्हटल्यावर त्याने चहा घेतला आणि आमच्या गळक्या कौलांची पाहणी करून गेला.

रंगारीही येऊन बघून गेला. भिंत पुसायची नाही हे मुलीने त्याला आधीच सांगितलं होतं. आता तिला विचारायचं होतं की हे टिकवता येईल का. त्याने नखाने एक कड खरवडली. खाली चुना फुगला होता. तो म्हणाला, वर काही मारलं तर तेच उपटून येईल, आहे तसं ठेवा, जाईल तेव्हा जाईल. हिने पावसात टिकणारा, बाहेरच्या भिंतींचा रंग वापरला नव्हता. शाळेतला उरलेला, मुलांचा रंग होता. तिला ते माहीत असणार.

गावात बातमी पसरली. पुढचे काही दिवस आमच्या संडासासमोर रांग होती. माणसं नीट कपडे करून यायची. बायका एकमेकींना सांगायच्या, तू आधी जा. शेजारी शेवटी आले. आत बसले, बाहेर आले, चपला घातल्या.

"बाई हायेत," ते म्हणाले. "झ्याक हायेत." मग जरा वेळाने, "पन गनपतीबी बरा व्हता."

मी त्यांना म्हणालो की विहिरीपासून तो अजून आहे. ते जाऊन बघून आले आणि त्यांचं समाधान झालं. त्यांच्या घरून जास्वंदीचं फूल येतं ते अजूनही येतं. आक्का पालीला परत गेल्यावर घरात कांदा-लसूण सुरू झालं, मासळी त्याच दिवशी.

मुलीने होमस्टे चालू केलं. पाहुणे मागच्या पडवीत पोहे खातात आणि त्यांतलं कोणीतरी विचारतंच, भिंतीला ओल आली आहे का. मुलगी त्यांना परसात पाठवते. काही जण हसत परत येतात, काही गप्प. एक बाई मात्र तिथून थेट आपल्या नवऱ्याकडे गेल्या आणि त्यांच्या हातातला मोबाइल काढून घेतला.

मी रोज सकाळी तिथेच जातो. पुस्तक नेतो, पण ते मांडीवर मिटलेलं असतं.

त्याला आता तीन पावसाळे झाले. जोत्यावरची पावलं पहिल्याच वर्षी गेली, खांदा गेल्या वर्षी. आज चेहरा, कमरेवरचा हात आणि चौकटीची डावी बाजू, जिकडून ती परसात येते, एवढं शिल्लक आहे.